कराची ते जुहू : सव्वासात तासांचे अंतर

१/
कराची आणि मुंबई यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर आहे. आजच्या जेट विमानाला ते कापायला दीड तासाच्या आसपास वेळ पुरेल. १९३२ साली एका इंजिनाच्या, कापडाने मढवलेल्या छोट्या विमानाने वाकड्या वाटेने, मध्ये थांबून इंधन भरत हा प्रवास सव्वासात तासांत केला. आज मात्र कराचीहून विमानाने मुंबईला यायचे, तर बहुतेक वेळा त्याहूनही अधिक तास मोडतात.

२/
हे कोडे सोडवण्यासाठी अभियांत्रिकीपेक्षा इतिहासाकडे वळावे लागते. दोन विमानतळांमधले किलोमीटर पृथ्वीच्या आकाराने ठरतात. त्यांच्यामधले तास मात्र टपालाचे करार, पावसाळा, इंधनाचे डबे आणि राज्यांच्या सीमा ठरवतात. कराचीचा ड्रिघ रोड आणि मुंबईचा जुहू या दोन विमानतळांची ही गोष्ट त्या तासांची आहे.

३/
प्रथम एक विसरलेली वस्तुस्थिती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईहूनच चाले. सरकारी नोकरी, शिक्षण आणि व्यापार यांनिमित्त अनेक मराठी कुटुंबे कराचीत स्थायिक झाली होती. सिंधमधील शिक्षण खात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही कराचीत उभी आहे.

४/
तरीही एकाच इलाख्यातली ही दोन शहरे एकमेकांना दूरच होती. समुद्रमार्गे सुमारे ५०० सागरी मैल जावे लागे. ताशी दहा-बारा नॉट वेगाच्या आगबोटीला त्यासाठी जवळपास दोन दिवस लागणार. रेल्वेची वाट थरच्या वाळवंटातून वळसा घालून येई. सिंधमधील हैदराबादहून मारवाडकडे जाणारा मार्ग मीटरगेज होता, तर अहमदाबाद ते मुंबई ब्रॉडगेज. त्यामुळे वाटेत गाडी बदलणे आणि टपालाच्या पिशव्या उतरवून पुन्हा चढवणे आलेच.

५/
विमानाने टपाल नेण्याची कल्पना भारताला नवी नव्हती. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, निमित्त एका प्रदर्शनाचे. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून त्या उड्डाणाची नोंद झाली. मात्र एक उड्डाण करून दाखवणे आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी उड्डाण करणे यांत फार मोठे अंतर असते. भारताला ते पार करायला दोन दशके लागली.

६/
मधल्या काळात कराचीचे नशीब उघडले होते. ३० मार्च १९२९ रोजी ‘इंपीरियल एअरवेज’ने लंडन-कराची सेवा सुरू केली. वाटेतला एक टप्पा रेल्वेने, बाकीचे टप्पे विमानांनी, असा सुमारे आठवड्याचा प्रवास होता. ब्रिटिश सरकारने तर आर-१०१ या अवाढव्य हवाई जहाजासाठी कराचीत प्रचंड हँगर उभारून ठेवला होता. ५ ऑक्टोबर १९३० रोजी भारताच्या वाटेवर असताना ते जहाज फ्रान्समध्ये कोसळले. ४८ जण मृत्युमुखी पडले. कराचीच्या हँगरला आर-१०१ चे दर्शन कधीच घडले नाही.

७/
लंडनचे पत्र आठवड्यात कराचीला पोहोचू लागल्यावर एक नवी अडचण समोर आली. मुंबई आणि मद्रासच्या पत्रांना तिथून पुन्हा रेल्वेच गाठावी लागे. हजारो किलोमीटर हवेतून येऊन वाचवलेले दिवस पुढच्या रुळांवर खर्ची पडत. म्हणजे टपालाची गती त्या साखळीतल्या सर्वांत मंद कडीवर अवलंबून होती, आणि ती कडी कराचीच्या दक्षिणेला होती.

८/
ही कडी बदलण्याची योजना नेव्हिल व्हिन्टसेंट या वैमानिकाने मांडली. ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला हा माणूस विमान घेऊन भारतभर फिरला होता. त्याची योजना जे. आर. डी. टाटांना पटली. वयोवृद्ध दोराबजी टाटा प्रथम साशंक होते. जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळवले. भांडवल लागणार होते सुमारे दोन लाख रुपये. सरकारने अनुदान नाकारले. अखेर जेवढे टपाल नेले जाईल तेवढा मोबदला, या तत्त्वावर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. दोराबजी त्याच वर्षी ३ जून रोजी निवर्तले. पहिले उड्डाण त्यांना पाहता आले नाही.

९/
जे. आर. डी. तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना भारतात दिला गेलेला पहिला परवाना होता. कराची-लंडन ही वाटही त्यांना ठाऊक होती. इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी पारितोषिक ठेवले होते. १९३० मध्ये त्या स्पर्धेत जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला, आणि पारितोषिक अस्पींनी जिंकले. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१०/
आता मार्गाचा हिशेब. कराचीहून मुंबईकडे सरळ रेषेत जायचे तर बराच भाग समुद्रावरून जातो. एकच इंजिन, रेडिओ नाही, जमिनीवरून दिशा दाखवणारी यंत्रणा नाही, अशा विमानाने पाण्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे होते. म्हणून वाट अहमदाबादवरून आखली गेली. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद-जुहू सुमारे ४४० किलोमीटर. एकूण साधारण १०३० किलोमीटर. वैमानिकाच्या हाताशी नकाशा आणि होकायंत्र, आणि खाली ओळखीच्या खुणा. या मार्गाने सुमारे १६० किलोमीटरची भर पडली, पण त्या भरीत सुरक्षितता होती.

११/
१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ड्रिघ रोडवरून डी हॅविलँड पस मॉथ जातीचे विमान उडाले. वैमानिक जे. आर. डी. टाटा, सोबत फक्त टपाल, सुमारे २५ किलो. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. आज एक प्रवासी जेवढे सामान सोबत नेतो, तेवढ्याच वजनावर भारताच्या नियमित हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला.

१२/
अहमदाबादला विमान उतरले तेव्हा इंधन आले ते बैलगाडीतून. बर्मा शेल कंपनीच्या पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे गाडीवर लादून मैदानात आणले होते. ते एकेक करून टाकीत रिकामे करावे लागले. या दृश्याकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. हवेतला वेग ताशी शंभर मैल असला, तरी प्रवासाच्या एकूण वेळात जमिनीवरचा थांबाही मोजला जातो. तो थांबा बैलाच्या चालीशी आणि हातांच्या मेहनतीशी बांधलेला होता.

१३/
दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले. एकूण वेळ सव्वासात तास. जुहूला व्हिन्टसेंट दुसऱ्या पस मॉथसह तयारच होता. पुढचे टपाल घेऊन तो बेळ्ळारीकडे निघाला. रात्रीचा मुक्काम तिथे करून दुसऱ्या दिवशी त्याने मद्रास गाठले. कराची-मद्रास हा सुमारे १३०० मैलांचा पल्ला अशा रीतीने दोन दिवसांत आला.

१४/
थोडे गणित करून पाहण्याजोगे आहे. १०३० किलोमीटर भागिले सव्वासात तास म्हणजे थांब्यासह सरासरी ताशी १४० किलोमीटरच्या थोडी वर. आगबोटीच्या दोन दिवसांशी तुलना केली, तर वेळ जवळपास एक सप्तमांशावर आला होता. कराची आणि मुंबई एका दिवसाच्या उजेडात सामावली. सकाळी कराचीत टाकलेले पत्र संध्याकाळी मुंबईत वाचता येईल, ही गोष्ट प्रथमच शक्य कोटीत आली.

१५/
पण निसर्गाने आपला वाटा सोडला नव्हता. १९२८ मध्ये स्थापन झालेला जुहूचा विमानतळ समुद्राला लागून, खाजणाच्या सखल जमिनीवर होता. पावसाळ्यात तिथे पाणी आणि चिखल साचे आणि विमाने उतरणे अशक्य होई. मग सगळा संसार पुण्याला हलवला जाई. जे. आर. डीं.च्या आठवणीनुसार तो संसार होता दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक एवढाच. पुण्यात विमाने उतरत ती येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर.

१६/
पुणे निवडण्यामागे सह्याद्रीचे गणित होते. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटापलीकडच्या पुण्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. पर्जन्यछायेतली जमीन विमान उतरण्याजोगी राही. याच येरवडा तुरुंगात पहिल्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या होत्या. त्या भिंतींच्या आत देशाच्या राजकारणाची एक वाटाघाट संपली. बाहेरच्या मैदानावर पावसाळ्यात देशाची पहिली विमानसेवा तग धरून राहणार होती.

१७/
पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि सुमारे ६०,००० रुपये नफा मिळवला. त्याहून मोलाची बाब म्हणजे वक्तशीरपणा. वर्षभर एकही फेरी वेळापत्रकाला चुकली नाही. नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात या सेवेचा आदर्श म्हणून गौरव केला. रेडिओ नसलेल्या विमानांनी, घाटातल्या ढगांतून आणि चिखलातल्या धावपट्ट्यांवरून हे साधले होते.

१८/
या वक्तशीरपणाचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. विमान कराचीला उशिरा पोहोचले, तर इंपीरियल एअरवेजचे विमान चुके, आणि पत्राचा एक अख्खा आठवडा वाया जाई, कारण सेवा साप्ताहिक होती. म्हणजे अर्ध्या तासाच्या दिरंगाईची किंमत सात दिवस असू शकत होती. दोन विमानतळांमधला खरा वेळ वेगाइतकाच वेळापत्रकावर ठरतो.

१९/
पुढे जाळे विस्तारले. १९३५ मध्ये मुंबई-त्रिवेंद्रम, १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली. १९३८ मध्ये साम्राज्याच्या नव्या टपाल योजनेखाली कराचीहून कोलंबोपर्यंतचे टपाल टाटांच्या विमानांकडे आले. महायुद्ध झाले, त्यात १९४२ साली व्हिन्टसेंट विमान प्रवासातच कायमचा हरवला. २९ जुलै १९४६ रोजी ‘टाटा एअरलाइन्स’चे ‘एअर इंडिया’ झाले. तोवर कराची ही या कंपनीची जन्मभूमीच मानली जात होती. वर्षभरात ती परदेशात जाणार होती.

२०/
ऑगस्ट १९४७ मध्ये कराची पाकिस्तानची राजधानी झाली. अंतर तेवढेच राहिले, पण प्रवासाचा अर्थ बदलला. सिंधमधून निघालेली असंख्य कुटुंबे आगबोटींनी मुंबईच्या बंदरात उतरली. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत त्यांची सोय झाली. १९४९ मध्ये तिचे नाव उल्हासनगर पडले. कराचीतली मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने परतली. त्या वर्षी जे निघाले, त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी कराची-मुंबई हा एकेरी प्रवास ठरला. अशा अंतराला तासांचे माप लागू पडत नाही.

२१/
१५ ऑक्टोबर १९६२ रोजी, पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, जे. आर. डीं.नी जुन्या धाटणीच्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा कराची-अहमदाबाद-मुंबई हा प्रवास केला. पाचच दिवसांनी चीनचे आक्रमण सुरू झाले. १९६५ च्या भारत-पाक युद्धाने तर जुने दोन्ही मार्ग बंद केले. मुंबई-कराची आगबोट थांबली आणि मुनाबाव-खोखरापार हा वाळवंटातला रेल्वेमार्गही तुटला. विमानाच्या आधी जे मार्ग अस्तित्वात होते, ते विमानाच्या युगात नाहीसे झाले.

२२/
१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा एकदा लेपर्ड मॉथ घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तोवर दोन्ही देशांमध्ये तीन युद्धे होऊन गेली होती. तरीही एका वृद्ध वैमानिकासाठी ती वाट पुन्हा उघडू शकली, याची नोंद ठेवायला हवी. सीमा माणसांनी आखलेली असते. तिचे दार उघडणे वा मिटणे हाही माणसांचाच निर्णय असतो.

२३/
पुढच्या घटना अलीकडच्या आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये मुनाबाव-खोखरापार रेल्वे तब्बल चाळीस वर्षांनी सुरू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पुन्हा थांबली. पाकिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीची कराची-मुंबई सेवा २०१७ मध्ये बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी आपापले आकाश एकमेकांच्या विमानांसाठी मिटून घेतले.

२४/
आता सुरुवातीच्या कोड्याकडे. थेट विमान नसेल तेव्हा कराचीच्या प्रवाशाला दुबईसारख्या ठिकाणी जाऊन मुंबईचे विमान पकडावे लागते. कराची-दुबई सुमारे १२०० किलोमीटर, दुबई-मुंबई सुमारे १९०० किलोमीटर. म्हणजे ८७० किलोमीटरच्या अंतरासाठी ३१०० किलोमीटरची वाट, साडेतीन पटींहून अधिक. हवेतलेच साधारण पाच तास. त्यात दुबईतले थांबणे मिळवले की १९३२ च्या सव्वासात तासांची बरोबरी करायलाही नशीब लागते. व्हिसासाठी लागणारा काळ या हिशेबात धरलेलाच नाही.

२५/
१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिकेने जे. आर. डीं.च्या उड्डाणाच्या स्मरणार्थ छोट्या विमानातून एकटीने तोच मार्ग पुन्हा आखला. तिने मध्ये अहमदाबादला इंधन भरले आणि ती जुहूला उतरली. सगळे १९३२ प्रमाणेच. फरक फक्त आरंभाचा. तिचे उड्डाण कराचीहून न होता कच्छमधल्या भूजहून झाले. १९७१ च्या युद्धात बॉम्बवर्षावाने उखडलेली भूजची धावपट्टी जवळच्या माधापर गावातील सुमारे तीनशे स्त्रियांनी ७२ तासांत दुरुस्त केली होती.

२६/
भूजवरून निघालेले ते स्मरण-उड्डाण हेच या इतिहासाचे नेमके चित्र आहे. विमाने अधिक वेगवान झाली, धावपट्ट्या पक्क्या झाल्या, नकाशाची जागा उपग्रहांनी घेतली, पावसाळ्यात पुण्याला पळण्याची गरज उरली नाही. १९३२ मधला प्रत्येक अडथळा माणसाने दूर केला. त्या वेळी जो अडथळा अस्तित्वातच नव्हता, तेवढाच एक मागाहून उभा राहिला.

२७/
जुहूची धावपट्टी आजही आहे. तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. कराचीत ड्रिघ रोडच्या परिसरातच आजचा जिन्ना आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. दोन्ही ठिकाणे नकाशावर जिथे होती तिथेच आहेत, मधले ८७० किलोमीटरही तेवढेच आहेत. म्हणून कोणी ‘हे दोन विमानतळ एकमेकांपासून किती दूर आहेत’ असे विचारले, तर उत्तर देण्याआधी एक प्रतिप्रश्न करावा : कोणत्या साली?